संक्रांत चौदा जानेवारीलाच का?

वैशाख तोंडावर आलेला, कऱ्हेचे पात्र कोरडे पडलेले, आणि पंख्याखाली बसूनही अंगाला धारा लागलेल्या. अशा वेळी बारामतीकरांपुढे थंडीतल्या सणांविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे विपरीतच. परंतु ऐन सणाच्या दिवसांत हा विषय काढला तर ऐकून घ्यावयास कोणाला सवड नसते. त्या वेळी प्रश्न एवढाच असतो की, संक्रांत चौदाला की पंधराला? सुगडे कधी आणावयाची, भोगीची भाजी कोणत्या दिवशी शिजवावयाची, एवढा निकाल लागला की घर मोकळे होते. २०२३ साली आणि लागोपाठ २०२४ साली दिनदर्शिकेत संक्रांत पंधरा जानेवारीला पडली, तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली होती. "चौदा जानेवारीची संक्रांत पंधराला कशी गेली? पंचांगवाल्यांची काही तरी चूक असणार!"

या उद्गारात एक समजूत दडलेली आहे. आपले बाकीचे सण तिथीप्रमाणे मागेपुढे होतात, संक्रांत तेवढी 'इंग्रजी' तारखेला येते, म्हणून तिची तारीख पक्की, अशी ती समजूत. आज मला सांगावयाचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. तिथीचे सण मागेपुढे होतात, पण दोन-तीन वर्षांत फिरून जागेवर येतात. पक्की वाटणारी संक्रांत मात्र एकदा सरकली की मागे येत नाही. आणि ती एकटी सरकत नाही. बाकीच्या सणांनाही आपल्याबरोबर ओढून नेते.

आधी तिथीच्या सणांचे पाहू. ते सोपे आहे. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून तिथी दर वर्षी अकरा दिवस मागे येते, आणि तूट फार झाली की अधिक मास घालून ती भरून काढली जाते. जेजुरी आपल्या शेजारी आहे, तेव्हा चंपाषष्ठीचेच उदाहरण घ्या. २०२२ साली ती २९ नोव्हेंबरला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यामुळे ती १८ डिसेंबरला गेली. २०२४ साली ७ डिसेंबरला आणि २०२५ साली २६ नोव्हेंबरला आली. मोरगावची माघी चतुर्थीही अशीच जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झोके घेते. झोपाळा पुढे गेला तरी तो मागे येतो, तसे हे आहे. एकोणीस वर्षांनी तर तिथी आणि तारीख यांची बहुधा पुन्हा गाठ पडते.

आपल्या मुसलमान बांधवांनी अधिक मास घेतला नाही. त्यामुळे त्यांचे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येत येत सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा करतात. २००० सालच्या जानेवारीत रमजान ईद झाली आणि त्याच सालच्या डिसेंबरात दुसऱ्यांदा झाली. थंडीतली ईद आणि वैशाखातली ईद एकाच माणसाच्या आयुष्यात येते. त्या सणाचे नाते शुद्ध चंद्राशी आहे. ऋतूशी बांधून घ्यावयाचे त्याने नाकारलेच आहे. त्यात गोंधळ मुळीच नाही. गोंधळ आहे तो आपल्याकडे, कारण आपल्याला चंद्र हवा, सूर्य हवा, ऋतू हवा आणि नक्षत्रेही हवीत.

आता संक्रांत. सूर्य मकर राशीत शिरतो त्या क्षणास मकरसंक्रमण म्हणतात. हा क्षण सूर्यास्तानंतर आला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरण्याची आपल्याकडे रीत आहे. सूर्य त्याच ताऱ्यापाशी परत यावयास ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटे लागतात. म्हणून संक्रमणाचा क्षण दर वर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जातो, आणि २९ दिवसांचा फेब्रुवारी येऊन गेला की एक दिवस मागे येतो. २०२३ साली तो १४ जानेवारीला रात्री पावणेनऊच्या सुमारास आला. सूर्य मावळलेला, म्हणून संक्रांत १५ ला. २०२४ साली तो १५ तारखेच्या पहाटे तीनच्या आत आला, पुन्हा १५. त्या फेब्रुवारीत २९ दिवस आले, म्हणून २०२५ साली तो १४ ला सकाळी नऊ वाजता आणि २०२६ साली १४ ला दुपारी तीनच्या पुढे आला. पंचांगवाल्यांची चूक कुठेच नव्हती.

हा झाला चार वर्षांचा लहान झोका. त्याच्या पोटात दुसरी एक चाल आहे. ती इतकी मंद आहे की आजोबांना ती दिसत नाही आणि नातवाला तिचा पत्ता नसतो. लीप वर्षाचे नियम जमेस धरले तर तारखेचे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे भरते. हे वर्ष ऋतूंच्या वर्षाशी जुळवून बेतलेले आहे. ताऱ्यांचे वर्ष त्याहून वीस मिनिटांनी मोठे. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण बहात्तर वर्षांत त्यांचा एक पुरा दिवस होतो. या फरकाचे कारण पृथ्वीच्या आसात आहे. भोवरा वेग कमी झाल्यावर डुलू लागतो, तसा पृथ्वीचा आस डुलतो. एका डुलण्याला सुमारे पंचवीस हजार आठशे वर्षे लागतात. त्यामुळे उत्तरायणाचा बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकत जातो. यालाच अयनचलन म्हणतात. हे चलन जमेस धरून राशी मोजल्या तर ते गणित 'सायन', न धरता ताऱ्यांवरून मोजल्या तर 'निरयन'. ऋतू सायन चालतात. आपली संक्रांत निरयन चालते. सगळा तंटा या दोन शब्दांत आहे.

बहात्तर वर्षांना एक दिवस, हे मानाने ध्यानात ठेवून मागे चला. विसाव्या शतकाच्या आरंभी संक्रांत काही वर्षी १३ जानेवारीला येत असे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली १२ जानेवारीला झाला. तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. मोरोपंत या बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयास होते त्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कऱ्हाकाठच्या बायका संक्रांतीचे वाण लुटत ते १० जानेवारीच्या सुमारास. पानिपतची लढाई ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण सर्रास ऐकतो, बोलतो. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमीची, हे खरे. पण त्या वर्षीची संक्रांत चारएक दिवस आधीच होऊन गेलेली होती. मराठी राज्यावर संक्रांत कोसळली हे अलंकार म्हणून कितीही खरे असो, पंचांग म्हणून खरे नाही. आजची तारीख आपण बेलाशक मागे लावली आणि दंतकथा तयार झाली.

तारखांनी असा चकवा दुसऱ्या एका ठिकाणीही दिलेला आहे, आणि त्याचा संबंध आपल्या मुलखाशी आहे. पुणे, सुपे, इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर. तेव्हा शिवजयंती हा इथला घरचा सण. जेधे शकावलीतील फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी ग्राह्य धरून महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी हा दिवस मान्य केला. परंतु १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्यूलियन गणनेची आहे. आज आपण जी तारीख वापरतो तिच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० चा. म्हणून तिथीने शिवजयंती करणारे बहुधा मार्चात करतात, तारखेने करणारे फेब्रुवारीत; आणि दोघे एकमेकांना चूक म्हणतात. वस्तुतः आकाशातला दिवस एकच होता. सुरतेचे इंग्रज जुन्या पद्धतीची तारीख घालीत, गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीची. एकाच सकाळी दोघांच्या दप्तरांत दहा दिवसांचे अंतर असे.

तारखेत हे दहा दिवस कसे आले? रोमच्या सीझरने वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवस ६ तासांचे धरले. खऱ्या ऋतुवर्षापेक्षा ते अकरा मिनिटांनी मोठे होते. सीझरच्या काळी थंडीतला सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबरला मानीत. त्याच तारखेला पुढे चौथ्या शतकात रोममध्ये नाताळ साजरा होऊ लागल्याचा लेख आहे. पण अकरा-अकरा मिनिटे साचत गेली, आणि सोळाव्या शतकापर्यंत तारीख आणि ऋतू यांची दहा दिवसांनी फारकत झाली. १५८२ साली पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. इंग्रजांनी पोपचे ऐकावयास १७५२ साल उजाडू दिले. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. रशियातील चर्च आजही जुनी तारीख पाळते, म्हणून तेथला नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. युक्रेनने २०२३ साली कायदा करून तो २५ डिसेंबरला आणला, आणि त्यात धर्मापेक्षा रशियाशी चाललेले युद्ध अधिक बोलत होते. तेव्हा सणाच्या तारखेवरून भांडण फक्त आपल्यातच होते असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संक्रांतीला उत्तरायण लागते, हे खरे काय? यासाठी ग्रंथ उघडावयाची गरज नाही. दहा फूट उंचीची सरळ काठी गच्चीवर ओळंब्यात उभी करावी आणि भर दुपारी, सावली सर्वांत आखूड होते त्या वेळी, ती मोजावी. बारामतीच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ही सावली सुमारे आठ फूट साडेदहा इंच भरेल. वर्षातली ही सर्वांत लांब दुपारची सावली. संक्रांतीच्या दिवशी मोजाल तर ती आठ फूट तीन इंचांवर आलेली असेल. म्हणजे तिळगूळ हातावर पडण्यापूर्वीच सूर्य सात-साडेसात इंचांची वाट उत्तरेकडे चालून आलेला असतो. उत्तरायण लागून तेवीस दिवस झालेले असतात. इंदापुरात मोजलेत तरी आकड्यांत फारसा फरक पडणार नाही.

मग आपल्या आयाबहिणी संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, ते चूक काय? मला तसे वाटत नाही. आणि या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. डिसेंबराच्या अखेरीस दिवस वाढू लागतो तो संध्याकाळच्या बाजूने. सूर्य मावळावयास उशीर करू लागतो, पण उगवावयासही उशीरच करीत राहतो. आपल्या अक्षांशावर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याच्या सुमारास होतो, आणि त्यानंतर सकाळ लवकर उजाडू लागते. पहाटे उठून धारा काढणाऱ्याला, दारे धरावयास जाणाऱ्याला, चूल पेटविणारीला दिवस वाढला हे कळते ते सकाळी. २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत दिवस वाढलेला असतो तो जेमतेम सहा-सात मिनिटे. तोही संध्याकाळी, कोणाच्या ध्यानात न येण्याजोगा. तेव्हा तिळाची उपमा देणाऱ्या बाईने आकाश नीट पाहिलेले आहे. राशीचे गणित तिला ठाऊक नसेल, पण तिच्या अंगणापुरते ती खरेच बोलली आहे.

पूर्वी असे नव्हते. सुमारे इ. स. २८५ च्या आसपास निरयन मकरसंक्रमण आणि खरे उत्तरायण हे दोन्ही एकाच दिवशी होत. त्या काळी संक्रांत म्हणजेच उत्तरायण, या म्हणण्यात तिळाएवढीही चूक नव्हती. तेव्हाचे शास्त्रवचन आपण पाठ केले आणि आकाश पुढे निघून गेले. आपले पूर्वज याबाबतीत आपल्याहून सावध होते. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहतात आणि माघात देह ठेवतात. भीष्माष्टमी आपण अजून माघ शुद्ध अष्टमीलाच पाळतो. वेदांगज्योतिषातही उत्तरायण माघारंभी, धनिष्ठा नक्षत्रात सांगितलेले आहे. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिर स्वच्छ सांगतो की, पूर्वीच्या शास्त्रात अयने अमुक नक्षत्रांत होती, आता ती कर्क आणि मकर यांच्या आरंभी होतात, आणि शंका असेल तर प्रत्यक्ष वेध घेऊन पाहावे. जुने वचन मोडावयाचे त्याला भय वाटले नाही.

हे सर्व एका संक्रांतीपुरते असते तर व्याख्यानाचा विषय झाला नसता. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक मास, असा नियम आहे. म्हणजे चंद्राच्या महिन्यांची वेसण संक्रांतीच्याच हाती आहे. संक्रांत बहात्तर वर्षांना एक दिवस सरकली की चंपाषष्ठीचा, माघी चतुर्थीचा, महाशिवरात्रीचा झोपाळाही त्याच मानाने पुढे सरकतो. त्याचे झोके मोठे म्हणून सरकणे दिसत नाही इतकेच. २१०० साल लीप नाही, त्यामुळे त्यापुढे संक्रांत १५ आणि १६ जानेवारीला येईल. आणखी साडेबाराशे वर्षांनी ती फेब्रुवारीत शिरेल. पावणेपाच हजार वर्षांनी ती मार्चाच्या विशीत, दिवस आणि रात्र समसमान होतात त्या वेळी येईल. सुगडात त्या दिवशी काय घालणार? गव्हाची ओंबी, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजर, उसाची कांडी हे सारे पौषातल्या थंडीचे धन आहे. नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस वर्षभर उभा असतो म्हणावे. पण मार्चात ओल्या ओंब्या आणि कोवळे घाटे आणणार कोठून? भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा हे खाणेही थंडीतच पचते. न खाई भोगी तो सदा रोगी, ही म्हण उन्हाळ्यात कोणी काढली नसती.

उजनीच्या पाण्यावर भिगवणकडे हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी पाहावयास आपण जातो. ते निरयन पंचांग पाहत नाहीत. ते ऋतूने येतात, ऋतूने जातात.

या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षे डोकी तापलेली आहेत. १८६५ च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष वेधाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ सालचा अलौकिक ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे तर सायनवादीच होते. त्यांच्या पंचांगात संक्रांत डिसेंबरात, खऱ्या उत्तरायणाला येई. शास्त्र म्हणून ते निरुत्तर करणारे होते. लोकांनी मात्र ते स्वीकारले नाही. लोकमान्यांनी निरयन मान्य करून रेवती नक्षत्रातील ताऱ्यापासून गणना धरणाऱ्या शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला. १९०४ साली मुंबईस, १९१७ साली पुण्यास आणि १९२० साली सांगलीस परिषदा झाल्या. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याची बाजू मांडली, आणि पुढे बहुतेक पंचांगांनी तीच घेतली. रेवती आणि चित्रा या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास होते. एखाद्या वर्षी अधिक मासही निराळा येतो. मग त्या घरची दिवाळी शेजारच्या दिवाळीच्या महिनाभर आधी किंवा नंतर होते. शेजारी हसतात. पण हसणाऱ्यांनी आपली चौदा तारीख तरी कोठून आली, हे एकदा पाहावे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे त्यात होते. अहवाल १९५५ साली निघाला, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते. सरकारी पौष बरोबर उत्तरायणापासून सुरू होतो. राजपत्रावर ती तारीख छापलेली असते. ती पाहून कोणी सुगडे आणल्याचे ऐकिवात नाही! धार्मिक सणांसाठी समितीने निराळी तोड सुचविली. सण एकदम तेवीस दिवस मागे ओढू नयेत, तर अयनांश २३ अंश १५ कलांवर कायम धरून ते आज ज्या ऋतूत येतात तेथेच थांबवावेत, पुढे सरकू देऊ नयेत, अशी ती तोड होती.

मला ही तोड पटते. दीक्षितांविषयी पूर्ण आदर ठेवूनही सांगतो, आज संक्रांत २२ डिसेंबरला नेली तर आकाश खूष होईल, शेत होणार नाही. आमच्याकडची रब्बी ज्वारी त्या वेळी हुरड्यावर येऊ लागलेली असते, गव्हाला ओंबी नीट धरलेली नसते. गेल्या काही शतकांत सणाचे ताट जानेवारीच्या मध्याभोवती मांडले गेले आहे. आणि हवे तसे वाहू द्यावे, पाच हजार वर्षांची चिंता आज कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो की, सतराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हेच म्हटले, म्हणून तर आपण आज उत्तरायण लागून गेल्यावर तेवीस दिवसांनी उत्तरायणाचा संकल्प सोडतो ना? माझ्या तोडीवर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. अयनांश गोठविला तर काही शतकांनी सूर्य मकरेच्या ताऱ्यांशी नसतानाच मकरसंक्रांत होईल. होऊ द्यावी. तिळगूळ आपण ताऱ्यांना देत नाही.

हे बदलणे पंचांगकर्त्यांच्या आणि धर्मपीठांच्या हाती आहे, आणि ते आज-उद्या होईलसे दिसत नाही. तोवर घरात वाद नकोत म्हणून एवढे सांगून ठेवतो. २०२७ साली सूर्याचे मकरसंक्रमण १४ जानेवारीला रात्री नवानंतर आहे. तेव्हा भोगी चौदाला, संक्रांत पंधराला आणि किंक्रांत सोळाला. सुगडे त्या बेताने आणावीत.